दोष आयडलिंगचा, हात मात्र रेसवर

माझ्या 2006 सालच्या पेट्रोल गाडीचे इंजिन गेले चार महिने आयडलिंगला, म्हणजे गाडी चालू पण जागेवर उभी असताना, स्थिर राहत नव्हते. इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे (आरपीएम) दाखवणाऱ्या टॅकोमीटरची सुई सहाशेवर येई, डॅशबोर्डावरचे दिवे मंदावत, आता गाडी बंद पडणार म्हणून माझा पाय ॲक्सिलरेटरकडे जाई, तोच सुई आपण होऊन सोळाशेवर चढे आणि पुन्हा खाली येई. अशी गाडी घेऊन संध्याकाळी सात वाजता द्वारका चौकात उभे राहणे म्हणजे काय, हे ज्याने सोसले आहे त्यालाच कळेल. एसी लावला की ती हमखास बंद पडे आणि मागच्या रिक्षावाल्याला माझ्या सात पिढ्यांची आठवण होई. नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यांत मी एसी असलेली गाडी काचा खाली करून चालवली आहे.

परंतु माझा राग गाडीवर नाही. वीस वर्षांच्या रबराने आणि पत्र्याने जितके करायचे तितके तिने केले. माझा राग आहे तो या शहरातील चार गॅरेजांतल्या चार मिस्त्र्यांवर, ज्यांना मी एकच तक्रार शब्दही न बदलता सांगितली: गाडी गरम झाल्यावर, उभी असताना, पाय ॲक्सिलरेटरवर नसताना आरपीएम वर-खाली होतात. चारही ठिकाणी बॉनेट उघडल्याबरोबर पहिला हात गेला तो थ्रॉटलच्या, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या, केबलवर. घ्रूंऽऽ, घ्रूंऽऽ! "पिकप तर एक नंबर आहे, साहेब." अहो, पिकपची तक्रार केली कोणी? रुग्ण म्हणतो की झोप लागत नाही आणि डॉक्टर त्याला उड्या मारायला लावून म्हणतात की गुडघे उत्तम आहेत, त्यातला हा प्रकार आहे.

यातील चीड आणणारी गोष्ट अशी की रेस दिल्याने हा दोष नुसता दिसत नाही असे नव्हे, तर तो झाकला जातो. आयडलिंगला थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते आणि इंजिनला लागणारी थोडीशी हवा बाजूच्या अरुंद वाटेने, आयडलिंगची हवा कमी-जास्त करणाऱ्या आयएसी व्हॉल्व्हच्या देखरेखीखाली आत जाते. त्या वेळी मॅनिफोल्डमधील, म्हणजे झडपेपासून इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधील, दाब बाहेरच्या हवेच्या निम्म्याहूनही कमी असतो, म्हणून एखाद्या पाइपला बारीकशी चीर असली तरी तिच्यातून हवा जोरात ओढली जाते. माझ्या गाडीत हा दाब मोजणारा मॅप सेन्सर आहे, त्यामुळे चोरवाटेने आलेली हवाही हिशेबात धरली जाते, तिच्या प्रमाणात पेट्रोल सुटते आणि आरपीएम चढतात. थ्रॉटल बंद असताना आरपीएम इतके का, असे वाटून इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर पेट्रोल तोडतो, आरपीएम कोसळतात, इंजिन बंद पडू नये म्हणून तो पुन्हा पेट्रोल सोडतो, ते पुन्हा चढतात, आणि हा खेळ सिग्नल हिरवा होईपर्यंत चालतो. थ्रॉटल उघडून रेस दिली की मुख्य दारातूनच इतकी हवा येते की त्या चिरेतल्या हवेला कोणी विचारत नाही.

दुसरा संतापजनक प्रकार वेळेचा. मी मुद्दाम गंगापूर रोडने अर्धा तास फिरवून गाडी गरम करून आणतो, तर मला सांगितले जाते की चावी ठेवून जा, दुपारनंतर बघतो. दुपारनंतर थंड पडलेली गाडी चालू होते. थंड इंजिनाला कॉम्प्युटर स्वतःच जास्त हवा आणि जास्त पेट्रोल देऊन आरपीएम चढे ठेवतो, त्यामुळे सगळे आलबेल दिसते. मग मला फोन येतो: "साहेब, काही नाही हो, मस्त चाललीय." म्हणजे मी वेडा!

पहिल्या गॅरेजात प्लग बदलले, त्याबद्दल विशेष सांगण्यासारखे नाही. खरा पराक्रम दुसऱ्या गॅरेजात झाला. तेथे थ्रॉटल बॉडी धुतली, ते योग्यच होते, कारण आत काळ्या कार्बनचा थर होता. फरक मात्र पडला नाही. तेव्हा त्या मिस्त्र्याने "स्लो कमी आहे, वाढवून देतो" असे म्हणत थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू, म्हणजे झडप कितपत बंद व्हावी हे ठरवणारा स्क्रू, पिळला. त्या स्क्रूवर कारखान्यातला पिवळा रंग होता. तो रंग ज्याअर्थी लावलेला आहे त्याअर्थी येथे पान्हा लावू नये, एवढा साधा अर्थही त्याला लावता आला नाही. झडप किंचित उघडी राहिल्यामुळे माझ्या गाडीच्या कॉम्प्युटरला पाय काढला आहे हे कळेनासे झाले, म्हणून तो पेट्रोल तोडेना आणि सुई बाराशेवर गप्प बसली. मूर्खासारखा मी खूश झालो आणि बाराशे रुपये दिले. आठ दिवसांनी कसाऱ्याचा घाट उतरताना पाय काढला तरी गाडी पुढे ओढतच राहिली, इंजिनचा ब्रेक लागेना, आणि खाली पोहोचेपर्यंत ब्रेकचा वास गाडीत भरला होता. शेजारी बसलेल्या बायकोने एक शब्दही उच्चारला नाही, यावरून परिस्थितीची कल्पना यावी.

तिसऱ्या गॅरेजात तो स्क्रू अंदाजाने उलटा फिरवला, सुई पुन्हा नाचू लागली आणि निदान झाले की आयएसी व्हॉल्व्ह गेला. तो काढून बॅटरीवर तपासला का? नाही. काढून साफ केला का? नाही. लोकल व्हॉल्व्ह बसवला आणि मजुरीसह 4,200 रुपये घेतले. चौथ्या ठिकाणी स्कॅनर लावला आणि कॉम्प्युटरने नोंदलेला बिघाडाचा एकही कोड दिसेना. आता एवढ्या जुन्या गाडीचा कॉम्प्युटर पाइपच्या चिरेला कोड देईलच असे नाही, कारण त्याच्या दृष्टीने प्रत्येक सेन्सर खरेच बोलत असतो. परंतु या विद्वानाने कोड नाही यावरून कॉम्प्युटरच गेला असा निष्कर्ष काढला आणि चौदा हजारांचा आकडा सांगितला. मी चावी उचलली आणि निघालो.

दरम्यान फुकट सल्ला देणाऱ्यांचा बाजार भरलेला होताच. कोणी म्हणाले इथेनॉलमुळे होते, कारण हल्ली गाडीत काहीही झाले तरी इथेनॉलमुळेच होते. साडूंनी भंगारात देण्याचा सल्ला दिला. मी 2021 साली पेठ रोडच्या आरटीओत खेटे घालून या गाडीची पाच वर्षांची फेरनोंदणी करून घेतली आहे, ती भंगारात देण्यासाठी नव्हे.

शेवटी एका रविवारी मी स्वतःच बाह्या सरसावल्या. गरम इंजिनावर कार्ब क्लीनर फवारण्याचे धाडस मला नव्हते, कारण तो पेट घेतो. म्हणून इस्त्रीच्या टेबलावरची पाण्याची फवारणी-बाटली घेतली, गाडी मुंबई नाक्यापर्यंत फिरवून आणली आणि इंजिन चालू ठेवून एकेका रबरी पाइपवर, प्रत्येक सांध्यावर पाणी मारत गेलो. ब्रेक बूस्टरचा पाइप, काही नाही. मॅनिफोल्डचे पॅकिंग, काही नाही. क्रँककेसमधील वाफा मॅनिफोल्डमध्ये नेणाऱ्या पीसीव्हीच्या पाइपच्या वळणावर पाणी पडले मात्र, आणि इंजिनाचा आवाज एकदम बदलला. वरून पाइप ठणठणीत दिसत होता. खालून बोट फिरवले तर रबर तेलाने फुगून मऊ झालेले, आणि नखाएवढी चीर, जिच्यात माझ्या बोटाचे कातडे ओढले जात होते. चिरेवर ओले फडके दाबून धरले आणि सुई आठशेवर येऊन थांबली. चार महिन्यांत प्रथमच थांबली. पाच मिनिटे मी तसाच, कमरेत वाकून, फडके धरून उभा होतो, आणि आनंद होण्याऐवजी माझे डोके तापत होते.

तो पाइप 180 रुपयांना मिळाला. चार गॅरेजांत मिळून मी 6,750 रुपये मोजले होते आणि चारांपैकी एकानेही त्या पाइपाला बोट लावले नव्हते. स्टॉप स्क्रू पिवळ्या रंगाच्या अर्धवट उरलेल्या खुणेशी जुळवून मूळ जागी आणायला मला आणखी एक सकाळ लागली.

नंतर तिसऱ्या गॅरेजात जाऊन तो फाटका पाइप मालकांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "हां, हा आम्ही नंतर बघणारच होतो." मग मी माझा जुना आयएसी व्हॉल्व्ह परत मागितला, कारण तो बिघडलेला नव्हताच आणि लोकल व्हॉल्व्हमुळे अजूनही एसी लावला की सुई आधी सहाशेवर बसते आणि मग सावकाश वर येते. तो भंगारवाला घेऊन गेला म्हणे. चहा घेणार का, असेही विचारले.