लाइनवर ‘कोणीही जाडजूड’ उभा करून चालत नाही

गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाच्या सुमाराला भाच्याचा फोन आला. सोळा वर्षांचा पोरगा, शिकागोजवळच्या एका उपनगरात हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल संघात लेफ्ट गार्ड खेळतो. म्हणाला, “मामा, बाबांनी एक मेसेज पाठवलाय. त्यात लिहिलंय की लाइनमध्ये कोणीही जाडजूड माणूस उभा केला तरी भागतं. मग मी कोचला सांगून टाइट एंडला जाऊ का?”

टाइट एंडला निदान चेंडू तरी झेलायला मिळतो. गार्डला तोही नाही.

तो मेसेज तोवर माझ्याकडेही तीन ग्रुपांवरून येऊन पडला होता. दाजींनी गंमत म्हणून पुढे ढकलला असणार, त्यांच्या मनात वावगं काही नव्हतं. पण वाचणारा पोरगा त्याच जागेवर खेळतो, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. ‘बेअर्सवाल्यांनो, डोळे उघडा’ असा मथळा (बेअर्स म्हणजे शिकागोचा, आमचा संघ) आणि खाली पाच मुद्दे. ड्राफ्ट ही लॉटरी आहे, टॉम ब्रेडीसारखा महान खेळाडूही १९९ वा निवडला गेला होता. सॅक होतात ते क्वार्टरबॅकच्या चुकीने. लाइनमध्ये कोणीही जाडजूड चालतो, सिनसिनाटीचा क्वार्टरबॅक जो बरो तर फुटक्या लाइनमागे सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत, पोचला. लागलेच तर लाइनमन बाजारात मिळतात. आणि शेवटी, रॅम्स संघासारख्या सगळ्या पिक विकून तारे आणा.

ज्यांचा या खेळाशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलमध्ये ३२ संघ आहेत. दर एप्रिलमध्ये कॉलेजातून बाहेर पडणारे खेळाडू हे संघ सात फेऱ्यांत पाळीपाळीने निवडतात, आदल्या हंगामात जो तळाला त्याची पाळी पहिली. तोच ड्राफ्ट, आणि त्यातली पाळी म्हणजे पिक. हंगामाला ५३ जणांचा संघ ठेवता येतो, त्यामुळे एकाला घेतलं की दुसरा सुटतो. क्वार्टरबॅक हा चेंडू फेकणारा, आणि त्याच्यापुढे पाच जणांची भिंत: मध्ये सेंटर, दोन बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. भिंत फुटून क्वार्टरबॅक चेंडूसकट आडवा झाला की तो सॅक.

तिसरा मुद्दा आधी घेतो, कारण माझी झोप त्यानेच घालवली.

‘कोणीही जाडजूड.’ लिहिणाऱ्याने एकदा माझ्या बहिणीच्या गॅरेजमध्ये येऊन बघावं. बाहेर बर्फ, आत गाडी काढून केलेली जागा, जमिनीवर चिकटपट्टीने आखलेल्या रेघा. डाव्या हाताची दोन बोटं एकत्र टेप करून भाचा खाली वाकतो, एक हात जमिनीला टेकवतो, आणि उठून मागे सरकतो. मागे सरकताना पाय जवळ यायचे नाहीत, कंबर वर यायची नाही, हात छातीसमोरून हलायचे नाहीत. पन्नास वेळा. त्याच्या धाकट्या बहिणीने हातात घड्याळ धरलेलं असतं. अडीच ते तीन सेकंदांत समोरचा सरळ अंगावर येणार की शेजाऱ्याशी जागा बदलून तिरका घुसणार, हे ओळखायचं असतं. जागा बदलली तर आपला माणूस सेंटरच्या हाती सोडून त्याचा माणूस आपण घ्यायचा, तोंडाने एक अक्षर न बोलता. कबड्डीत डावा कोपरा आणि त्याच्या शेजारचा साखळी करून चढाईवाल्याला कोंडतात, तेव्हा एकाचा हात सुटला की काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. इथे पाच जणांची साखळी असते आणि सामन्यात साठ-सत्तर वेळा धरावी लागते.

आता मोठ्यांचा खेळ बघा. ७ फेब्रुवारी २०२१, पंचावन्नावा सुपर बोल. कॅन्सस सिटी चीफ्सचा पॅट्रिक महोम्स तेव्हा जगातला सर्वोत्तम क्वार्टरबॅक होता. पण त्याचे दोन्ही नेहमीचे टॅकल, एरिक फिशर आणि मिचेल श्वार्ट्झ, जायबंदी होऊन बाहेर होते. बदली माणसं उभी केली होती, आणि तीही व्यावसायिकच, रस्त्यावरून उचलून आणलेली नव्हेत. महोम्सवर त्या रात्री २९ वेळा दबाव आला, सुपर बोलच्या इतिहासात सर्वाधिक. चीफ्सना एकही टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेणं) करता आला नाही, ३१-९ असे हरले.

मग चीफ्सने काय केलं? त्या उन्हाळ्याआधी अख्खी लाइन बदलली. ओरलँडो ब्राउनला ट्रेडने, म्हणजे दुसऱ्या संघाशी अदलाबदल करून, आणलं, गार्ड जो थुनीला करारबद्ध केलं, ड्राफ्टमध्ये दुसऱ्या फेरीत सेंटर क्रीड हम्फ्री आणि सहाव्या फेरीत ट्रे स्मिथ घेतला. दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, समोर फिलाडेल्फिया ईगल्स होते. त्या हंगामात ईगल्सनी ७० सॅक केले होते. अंतिम सामन्यात किती? शून्य. चीफ्स ३८-३५ जिंकले.

आणि याच गोष्टीचा तिसरा अंक या मेसेजवाल्याने मुद्दाम वाचावा. २०२४ च्या हंगामात चीफ्सकडे धड लेफ्ट टॅकल उरला नाही, म्हणून त्यांनी थुनीला, देशातल्या उत्तम गार्डांपैकी एकाला, एक जागा बाहेर सरकवून टॅकलला उभं केलं. फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये त्याच ईगल्सनी महोम्सला सहा वेळा आडवं केलं आणि सामना ४०-२२ असा जिंकला. जिथे थुनीसारखा माणूस स्वतःच्या जागेवरून एक पाऊल बाजूला गेला तरी भिंत हलते, तिथे ‘कोणीही’ हा शब्द वापरायचा?

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारचे आपल्याकडच्या फुटबॉलचे सामने बघत वाढलो. तिथेही खांद्यावर घेतात ते गोल मारणाऱ्यालाच, ते मला समजतं. पण बचावाला कोणीही उभा करा, असं बोललेलं तिथल्या गर्दीत मी कधी ऐकलं नाही.

बरोचा दाखला अर्धाच सांगितला आहे. २०२१ च्या ड्राफ्टच्या आधी सिनसिनाटीचे लोक दोन तट पडून भांडत होते: पाचव्या पिकवर टॅकल पेने सूएल घ्यायचा की झेलणारा जामार चेस? बेंगल्सनी चेस घेतला आणि तो पहिल्याच वर्षी चमकला. ती निवड चुकली असं मी म्हणणार नाही. संघ सुपर बोलला पोचला हेही खरं. पण त्या वाटेवर टेनेसीविरुद्धच्या सामन्यात बरो नऊ वेळा आपटला गेला, अंतिम सामन्यात सात वेळा. आणि शेवटचा डाव आठवा. चौथा डाउन, म्हणजे शेवटचा प्रयत्न, एक यार्ड हवा, तीन गुणांची पिछाडी. रॅम्सचा अॅरन डोनाल्ड भिंत फोडून आला आणि त्याने बरोला गरकन फिरवलं. त्या झटापटीत फेकलेला चेंडू जमिनीवर पडला, सामना तिथेच संपला, २३-२०. फुटक्या लाइनमागे तो पोचला, आणि फुटक्या लाइनमुळेच शेवटच्या क्षणी अडला.

आता सॅकचा मुद्दा. यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. चेंडू हातात फार वेळ धरणारा क्वार्टरबॅक चांगल्या लाइनलाही तोंडघशी पाडतो. आपला केलेब विल्यम्स २०२४ मध्ये ६८ वेळा सॅक झाला, त्यातले बरेच त्याने स्वतः ओढवून घेतले होते. सामने बघताना मीच ‘टाक ना बाबा आता’ म्हणून ओरडलो आहे. पण पुढच्या वर्षी क्वार्टरबॅक तोच होता, आणि सॅक निम्म्याहूनही खाली आले. मधल्या काळात बेन जॉन्सन प्रशिक्षक म्हणून आला, आणि लाइनच्या आतल्या तिन्ही जागा नव्या माणसांनी भरल्या: चीफ्सचा तोच जो थुनी, जोना जॅक्सन, ड्रू डालमन. श्रेय प्रशिक्षकाचं किती आणि लाइनचं किती, हे गुण वाटून देता येणार नाहीत. पण दोष एकट्या पोराचा होता म्हणणाऱ्यांचं तोंड बंद व्हायला एवढं पुरे.

ही चूक केवळ वादापुरती नाही, माणसांच्या अंगावर येते. २००२ मध्ये ह्यूस्टन टेक्सन्स हा नवा संघ आला. इतर संघांतून माणसं घ्यायच्या खास ड्राफ्टमध्ये त्यांनी सगळ्यांत आधी टोनी बोसेलीला घेतलं. लेफ्ट टॅकल, पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेलेला माणूस. त्याचा खांदा गेला होता, टेक्सन्ससाठी तो एकही सामना खेळला नाही. त्याच्या जागी भक्कम पर्याय नव्हता, आणि मागे उभा होता कॉलेजातून पहिल्या क्रमांकाने निवडलेला डेव्हिड कार. पहिल्या वर्षी ७६ सॅक. हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. २००५ मध्ये पुन्हा ६८.

अँड्र्यू लकचं दुःख तर मला अजून टोचतं. २०१२ चा पहिला पिक, इंडियानापोलिस कोल्ट्स. वर्षानुवर्षं मार खाल्ला, एका हंगामात मूत्रपिंडाला जखम झाली, खांद्यापायी २०१७ चा पूर्ण हंगाम गेला. २०१८ मध्ये संघाने सहाव्या पिकवर गार्ड क्वेंटन नेल्सन घेतला आणि त्या वर्षी लक फक्त १८ वेळा सॅक झाला. पण तोवर शरीर आणि मन दोन्ही थकले होते. २४ ऑगस्ट २०१९ ला आपल्या बेअर्सशीच सराव सामना चालू असताना त्याच्या निवृत्तीची बातमी फुटली आणि मैदानातून बाहेर जाताना घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. वय २९. त्या दिवशी टीव्ही बंद करून मी बराच वेळ तसाच बसून होतो.

ब्रेडीचं नाव घेऊन ड्राफ्टला लॉटरी म्हणणं हा आळस आहे. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांचा ड्राफ्टवरचा शोधनिबंध २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. थेलर म्हणजे २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले. त्यांनी वर्षानुवर्षांचे ड्राफ्ट तपासले. एकाच जागेवरच्या दोन खेळाडूंपैकी आधी निवडलेला लगेच नंतरच्यापेक्षा सरस निघण्याची शक्यता नाणेफेकीपेक्षा जराशीच जास्त निघाली. मेसेजवाल्याला एवढंच कुठूनतरी ऐकू आलेलं दिसतं. पण तिथे थांबता येत नाही. वरच्या फेरीतले खेळाडू सरासरीने चांगलेच निघतात, हेही त्याच निबंधात आहे. निष्कर्ष असा की संघ अतिआत्मविश्वासाने एका माणसासाठी वर चढायला फार किंमत मोजतात, आणि खाली सरकून जास्त पिक घेणारा फायद्यात राहतो. २०११ मध्ये नवोदितांचे पगार खाली आल्यावर पहिल्या पिकांचं गणित थोडं बदललं. तरी ‘कोणत्याही फेरीत कोणीही’ असं त्यातून निघत नाही. उलट जास्त पिक जवळ ठेवा, असं निघतं.

शिवाय ब्रेडीच्या पुढे कोण उभं होतं? २००१ मध्ये पेट्रियट्सनी दुसऱ्या फेरीत मॅट लाइट नावाचा लेफ्ट टॅकल घेतला. त्याच हंगामात ब्रेडी पहिला सुपर बोल जिंकला आणि पुढे दहा वर्षं लाइटने त्याची आंधळी, म्हणजे पाठीकडची, बाजू सांभाळली. २००५ च्या पहिल्या फेरीतला पिक? लोगन मॅन्किन्स, गार्ड.

बाजारात लाइनमन मिळतात हे खरंच आहे, आपले तिघंही बाहेरूनच आले, दोघं ट्रेडने आणि डालमन कराराने. पण थुनी आला तेव्हा ३२ वर्षांचा होता, डालमनला तीन वर्षांसाठी ४ कोटी २० लाख डॉलर द्यावे लागले, आणि २०२५ साली पगाराची कमाल मर्यादा होती २७ कोटी ९२ लाख, ती ५३ जणांत पुरवायची. बाजारात येणारा माणूसही आधी कुणीतरी ड्राफ्टमध्ये घेऊन घडवलेलाच असतो. आणि उजवा टॅकल डार्नेल राइट आपण २०२३ च्या पहिल्या फेरीत घेतला, तेव्हा याच मंडळींनी ‘जेलन कार्टरसारखा बचावपटू सोडला’ म्हणून आकाशपाताळ एक केलं होतं. कार्टर मोठा खेळाडू झाला, मान्य. राइट नसता तर उजव्या टोकाला कोण उभं राहिलं असतं, तेही कुणीतरी सांगा.

रॅम्सवर वेळ घालवत नाही. त्यांनी पहिल्या फेरीच्या पिक वर्षानुवर्षं विकल्या आणि ते जिंकले. पण ज्याने बरोला फिरवलं तो डोनाल्ड त्यांनी स्वतः २०१४ च्या ड्राफ्टमध्ये १३ वा निवडला होता, आणि त्या रात्रीचा सर्वोत्तम खेळाडू कूपर कप हा त्यांचाच तिसऱ्या फेरीतला.

हे सगळं मी दाजींना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, “अरे, मला काय ठाऊक, मी नुसतं पुढे पाठवलं.” भाच्याला मी २०२३ च्या त्या सुपर बोलची फीत पाठवली. चेंडूकडे बघू नकोस, ६२ नंबरकडे बघ, एवढंच लिहिलं. ६२ म्हणजे थुनी. दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं, “मामा, त्याचे पाय कधीच जवळ येत नाहीत.” टाइट एंडचं पुन्हा काही बोलला नाही.