काळ्या निदा अबायाला मिळालेल्या २ स्टार रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

सलाम ताई, रिव्ह्यू वाचला, फोटो पण मोठे करून बघितले. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की काळा निदाचा अबाया आठवडाभर घातला आणि गळ्याभोवती, काखेत लाल चट्टे उठले, धुतला तर बादलीत रंगाचा थेंब पण आला नाही म्हणजे दोष रंगाचा नाही, आम्हीच वरनं कसली तरी केमिकल पावडर मारतो, काळा रंग तसाही कॅन्सर करतो, सगळ्यांनी सुतीच घ्यावं, दुकान बाजारापेक्षा ३०० रुपये जास्त घेतं आणि वर पैसे परत देत नाही. एवढे मुद्दे एकदम काढलेत तर उत्तर लांबणारच, कारण ह्यातलं काही खरं आहे आणि काही अजिबात नाही, आणि हे वाचून बाकीच्या बायका उद्या दुसरीकडे अबाया घ्यायला जातील त्यांना तरी नीट कळू दे.

आधी बादलीचं. इथं तुम्ही आमच्या रंगाला क्लीन चिट दिलीय, मला ती घेता येत नाही. निदा म्हणजे पॉलिस्टर, आणि पॉलिस्टरला जो रंग चढतो तो डिस्पर्स डाय, तो पाण्यात जवळपास विरघळतच नाही, मग गार पाण्याची बादली स्वच्छच राहणार. पण तेलकटात तो विरघळतो, आणि आपल्या मानेवर मे महिन्यात घाम आणि तेल दोन्ही असतंच की. धाग्याशी त्याचा पक्का जोड झालेला नसतो, नुसता आत शिरून बसलेला असतो, त्यामुळं घामानं आणि घासण्यानं कणाकणानं अंगाला लागतो आणि डोळ्याला काही दिसत नाही. बहुतेकींना काही होत नाही. पण ज्यांना ह्या रंगांची अ‍ॅलर्जी असते त्यांना होतं आणि चांगलंच होतं. डिस्पर्स ब्लू १०६ आणि डिस्पर्स ब्लू १२४ ही दोन नावं तुमच्या स्किनच्या डॉक्टरांना विचारा, त्यांना माहीत असतील, नाव निळ्याचं आहे पण काळ्यात पण सापडतात, कारण पॉलिस्टरचा काळा बहुतेक निळा, नारिंगी, लाल असे दोन-तीन रंग मिसळूनच बनवतात.

उलट सुती काळी ओढणी घ्या, पहिल्या एक-दोन धुण्यात बादली काळीकुट्ट करते आणि बायका घाबरून आमच्याकडं घेऊन येतात. सुतीचा रिअ‍ॅक्टिव्ह रंग धाग्याला जोडला जातो, जो जोडला गेला नाही तो मिलनं साबणाच्या उकळत्या पाण्यात काढून टाकायचा असतो, घाईत नीट काढला नाही की तो तुमच्या बाथरूममध्ये निघतो. पांढरे कपडे खराब होतील, पण अंगाला खाज सुटेलच असं काही नाही, ह्या रंगांचा त्रास जास्त करून रंगाची पावडर हाताळणाऱ्या कामगारांना होतो. (आणि ते मिठाच्या पाण्यात भिजवायचं सोडा आता, रंगवताना मीठ लागतं हे खरं, पण घरी भिजवून रंग पक्का होत नाही, पॉलिस्टरवर तर मिठाचा काही संबंधच नाही.)

आता ३०० रुपयांचं. माझे दीर इचलकरंजीत प्रोसेस हाऊसला डाइंग मास्तर होते, त्यामुळं हे घरात ऐकतच आलेय. पॉलिस्टर १३० डिग्रीला बंद जेट मशीनमध्ये रंगवतात, त्यानंतर कॉस्टिक आणि हायड्रो ही रसायनं टाकून गरम पाण्यात परत एक धुणं द्यायचं असतं, त्याला रिडक्शन क्लिअरिंग म्हणतात, मिलमध्ये नुसतं आरसी. धाग्याच्या वरवर चिकटलेला रंग त्यात निघून जातो. ह्याला वाफ लागते, पाणी लागतं, मशीन अडकून पडतं, मग स्वस्तातल्या लॉटला हेच पहिलं कापतात, आणि सगळ्यात जास्त रंग काळ्यात असतो म्हणजे सगळ्यात जास्त गरज पण तिथंच. बाजारात जो काळा निदा एकदम स्वस्त मिळतो त्याला पांढरा ओला रुमाल घेऊन आतल्या शिवणीवर जोरात घासून बघा, रुमाल राखाडी झाला तर ठेवून द्या. आम्ही प्रत्येक लॉटचा घासण्याचा आणि घामाचा फास्टनेस रिपोर्ट, म्हणजे रंग किती पक्का आहे त्याचा रिपोर्ट मागतो, १ ते ५ ग्रेड असते, घामाला ४ च्या खाली आला की कापडाचा ताका परत जातो. पण तो रिपोर्ट रंग किती सुटतो ते सांगतो, कुठला डाय वापरलाय ते सांगत नाही. ते कळायला ओको-टेक्स स्टँडर्ड १०० सारखं सर्टिफिकेट लागतं, त्यात ह्या अ‍ॅलर्जीवाल्या डिस्पर्स रंगांना मनाई आहे आणि लेबलवरचा नंबर ऑनलाइन तपासता येतो. आमच्या वरच्या रेंजच्या निदाला ते आहे, तुमचा अबाया साध्या रेंजमधला, त्याला नाही, आणि नाही तिथं आम्ही आहे असं लिहीत पण नाही, टॅग बघा.

पावडरचं मात्र साफ चुकीचं आहे. सुरकुत्या पडू नयेत म्हणून रेझिनचं फिनिश मारतात आणि त्यातनं फॉर्मल्डिहाइड नावाचा त्रासदायक वायू सुटतो हे खरं, पण ते सुती आणि रेयॉनच्या कापडाला, पॉलिस्टरला मुळात फारशा सुरकुत्याच पडत नाहीत तर कोण कशाला खर्च करेल.

कॅन्सरबद्दल लिहिताना जरा जपून लिहायला पाहिजे होतं ताई. काळा रंग म्हणून कॅन्सर होत नाही. अझो हा रंगांचा एक मोठा प्रकार, त्यातले काही रंग फुटून अमाइन नावाची घातक रसायनं निघतात, त्या रंगांवर जर्मनीनं १९९४ ला बंदी आणायला सुरुवात केली आणि आपल्या सरकारनं १९९७ ला ७० अझो रंगांवर बंदी घातली, त्याआधी बेन्झिडिन ह्या रसायनापासून बनणाऱ्या ४२ रंगांवर बंदी होतीच, मिळून ११२. फक्त ही यादी कॅन्सरची आहे, खाजेची नाही, त्यामुळं अझो फ्री लिहिलेल्या कपड्यानं पण खाज सुटू शकते.

आता तुमचे फोटो. चट्टे काखेच्या कडेला आहेत आणि मधला खळगा स्वच्छ दिसतोय. डिओनं झालं असतं तर बहुतेक मधेच उठलं असतं, कापड घासतं ते कडेला. म्हणजे कापडाचा संशय घ्यायला जागा आहे, हे मी दुकानदार असून म्हणतेय. आत स्लीव्हलेस घालून वर अबाया हे उन्हाळ्यात आपण सगळ्याच करतो, मग मुंढा थेट अंगावर घासतो. पण त्याच फोटोत तुमच्या हातावर काळीकुळकुळीत मेंदी दिसतेय. खरी मेंदी एवढी काळी होत नाही, तसल्या कोनमध्ये केसांच्या डायमधलं पीपीडी नावाचं रसायन घालतात, आणि ज्याला पीपीडीची अ‍ॅलर्जी जडते त्याचं अंग ह्या डिस्पर्स रंगांमधल्या काहींना पण खवळू शकतं. मग सुरुवात कोणी केली, मेंदीनं की अबायानं, हे ना तुम्ही फोटोवरनं सांगू शकता ना मी. त्यासाठी पॅच टेस्ट असते, पाठीवर पट्ट्या लावून २ दिवसांनी काढतात आणि पुढं परत एकदा बघतात. डॉक्टरांना टेक्स्टाइल डायची आणि पीपीडीची दोन्ही सांगा.

आणि घामोळं असेल तर गोष्टच वेगळी. ते बारीक टोचणारं पुरळ असतं, पंख्याखाली बसलं की तास-दोन तासात शांत व्हायला लागतं, रंगाची अ‍ॅलर्जी घातल्यावर एक-दोन दिवसांनी उठते आणि अबाया काढला तरी बरेच दिवस राहते. पॉलिस्टर घाम पीत नाही हे मान्य, सुती पितं, म्हणून सुती घ्या म्हणणं चूक नाही, पण सुती काळा लवकर विटतो, घामानं जड होतो, आणि मग त्याचा पण रिव्ह्यू येतो.

पैशांचं काउंटरवर सांगितलं होतं तेच लिहिते. वापरलेला कपडा परत घेत नाही, बिलावर छापलंय, अंगाला लागलेला कपडा दुसऱ्या बाईला कसा विकणार. पण पॅच टेस्टमध्ये कापडाच्या रंगाची अ‍ॅलर्जी निघाली तर रिपोर्ट आणा, पूर्ण पैसे परत. तोपर्यंत तो अबाया घालू नका, आणि दुसरा कुठला घालायचा तर आत बाह्यांचा सुती कुडता घाला. त्या अबायाचा मुंढा घट्ट असेल तर आणा, शिवणीत माया असेल तेवढा सैल करून देऊ, पैसे नाही लागणार. शुक्रवारी १ ते ३ दुकान बंद असतं, तेवढी वेळ सोडून कधीही या.