आधी जुनं इंजिन फोडा

दिवाळी सरली की निपाणीजवळच्या आमच्या गावातून रात्रभर उसाचे ट्रॅक्टर जातात, मागं दोन-दोन ट्रॉल्या. चढाला लागले की काळा धूर थेट घरात येतो. आईला दमा आहे. हंगामात ती रस्त्याकडची खिडकी उघडतच नाही.

यंदा गावात मागणी निघाली आहे: जुन्या डिझेल ट्रॅक्टरच्या बदल्यात नव्यासाठी सरकारनं अनुदान द्यावं. पण मागायचं कुणाकडं, बेंगळुरूकडं की मुंबईकडं, यावरच बैठक अडली. सीमाभागातल्या आमच्यासारख्या ८६५ गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे, कारभार कर्नाटकचा. केंद्राच्या २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात कोल्हापूर आणि सांगली आहेत, हुबळी-धारवाडही आहे. मधलं बेळगाव नाही. ही सल खरी आहे आणि ती मलाही टोचते.

तरीही मला वाटतं, चुकतंय ते दुसरीकडंच. दादा फोनवर म्हणाला, "नवा मिळाला तर घेऊ की. जुना कागलच्या पाव्हण्यांना देऊ, अजून दहा वर्सं ओढंल."

मी राहतो ते फ्रेस्नो कॅलिफोर्नियातल्या सॅन होकिन खोऱ्यात आहे. भोवती डोंगर, त्यामुळं हवा कोंडते. अमेरिकेतल्या सर्वांत खराब हवेच्या भागांत या खोऱ्याचं नाव असतं. इथं राज्याची कार्ल मॉयर योजना १९९८ पासून चालू आहे आणि संघीय सरकारचा डिझेल उत्सर्जन घटवण्याचा कायदा २००५ चा. शेतकऱ्याला नव्या ट्रॅक्टरसाठी पैसे मिळतात, पण जुना विकता येत नाही. तो भंगारात काढावा लागतो, इंजिन ब्लॉकला भोक पाडून कायमचा निकामी. ते भोक मी शेजारच्या शेतकऱ्याकडं पाहिलं. चालू इंजिन असं फोडलेलं बघून आधी जीव कळवळला. मग पटलं, की सरकार पैसे मोजतं ते या भोकासाठी. नाहीतर धूर फक्त मालक बदलतो. आपल्याकडं तर कागलकडची एमएच ०९ आणि आमची केए २३ या नंबरप्लेटींमध्ये अंतर सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्याएवढंच.

इथलं सगळंच उचलावं असं मात्र नाही. संघीय अनुदानात नवं वाहन डिझेलचंच घेतलं, तर साधारण २५ टक्केच मदत मिळते, उरलेले मालकाचे. आमच्याकडचा ट्रॅक्टरवाला आधीच कर्जात आणि ऊसतोड टोळीला आगाऊ दिलेल्या उचलीत बुडालेला असतो. त्याला पंचवीस टक्क्यांचा काय आधार? मदत बरीच जास्त हवी. उरलेला हिस्सा साखर कारखान्यानं वाहतुकीच्या बिलातून हप्त्यानं कापावा. बँकेचे हप्ते असे कापून घ्यायची रीत नवी नाही. खरं तर कारखान्यांनी स्वतःचाही वाटा घालायला हवा, ऊस त्यांच्याच गव्हाणीत पडतो.

आणखी एक अट मला मोलाची वाटते. जुनं यंत्र खरोखर राबतंय, याचा आधीच्या दोन वर्षांचा पुरावा इथं द्यावा लागतो. त्यामुळं गोठ्यामागं गंजलेला सांगाडा दाखवून कुणी पैसे उचलत नाही. आपल्याकडं हा पुरावा प्रत्येक खेपेला तयार होतो: वजनकाट्याची पावती. गाडी नंबर, तारीख, टनेज, सगळं तिच्यावर असतं. तालुका कुठल्या राज्यात असावा, हा वाद त्या पावतीला आड येत नाही.

हे दादाला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. ट्रॅक्टर आबांनी घेतलेला आहे. तो फोडायचा, हे माझ्या तोंडूनही नीट निघालं नाही. यंदाच्या पावत्या तेवढ्या जपून ठेव, एवढंच म्हणालो.