कुठून येऊन राहिले?

लग्नाला अठरा वर्षं झाली, तरी पुण्याचे मामेसासरे भेटले की मला शुद्धलेखनाची वही तपासायला दिल्यासारखं होतं. मी "पोहे खाऊन राहिलो" म्हटलं की ते डोळे मिटतात. "खातोय," मिटल्या डोळ्यांनीच म्हणतात. आमच्या इंदूरच्या रामबागेत चार पिढ्या खाऊनच राहिल्या आहेत. पोट भरतं.

यंदा मे महिन्यात मामा यादी घेऊनच आले. महानुभाव पंथाची गावं बघायची, गाडी आपली. आपली म्हणजे माझी.

पहाटे चारला निघालो. हरदा, बैतूल, मग सातपुड्यातून परतवाडा. बैतूलपर्यंत माझी क्रियापदं दुरुस्त झाली, पुढे विभक्ती. एका वळणावर मी "ट्रक येऊन राहिला!" म्हणून ओरडलो. मामा "येतोय" म्हणेपर्यंत ट्रक येऊन गेला होता. डब्यातल्या पोह्यांवर शेव आणि जिरावन पाहून त्यांनी जो चेहरा केला, त्यावर बायकोने खिडकीबाहेर बघायचं ठरवलं.

रिद्धपूर आलं आणि खरी परीक्षा सुरू झाली. गोविंदप्रभू, म्हणजे पंथाचे संस्थापक चक्रधर यांचे गुरू, जिथे बसले, जेवले, खेळले, ती प्रत्येक जागा महानुभावांनी ओटा बांधून जपली आहे. स्थानपोथी नावाच्या जुन्या ग्रंथात तशा जागांची नोंदच आहे. आणि प्रभू काही एका जागी स्वस्थ बसणारे नव्हते! पोरांत खेळत, कुणाच्याही घरात शिरत. लोक त्यांना 'राऊळ वेडे' म्हणत. भडोचहून रामटेकला निघालेले चक्रधर वाटेत इथेच त्यांना भेटले आणि पुढचा सगळा इतिहास घडला. माझ्या वाट्याला भूगोल आला. प्रत्येक ओट्याशी चपला काढा, तापल्या फरशीवर नाचत जा, डोकं टेका, "दंडवत प्रणाम", परत चपला शोधा. सहाव्या ओट्यानंतर मी डावी चपल उजव्या पायात घालून राहिलो होतो. घालत होतो. जाऊ द्या.

मामांच्या मात्र डोळ्यांत पाणी. म्हाइंभटांनी एकेका शिष्याला गाठून, विचारून विचारून चक्रधरांच्या आठवणी जमवल्या आणि 1278 च्या सुमारास 'लीळाचरित्र' सिद्ध केलं, ते याच गावात. मराठीतलं पहिलं मोठं गद्य, तेही पंडिती नव्हे, बोलण्यातलं. आता इथे मराठी भाषा विद्यापीठही आहे. मामा बोलत होते, मी सावली शोधत होतो.

सावली चहाच्या टपरीवर मिळाली. टपरीवाल्याने कप पुढे केले आणि विचारलं, "कुठून येऊन राहिले जी?"

"इंदूरहून येऊन राहिलो," मी छाती काढून म्हणालो.

मामांनी डोळे मिटले नाहीत. उलट खिशातून वही काढली. "परत म्हणा बरं एकदा," ते टपरीवाल्याला म्हणाले.

"काय म्हणू?"

"तेच. येऊन राहिले." त्याने दोनदा म्हटलं, मामांनी दोनदा लिहून घेतलं. "वा! अस्सल वऱ्हाडी. काय गोडवा आहे!"

"मामा, अठरा वर्षं मी दुसरं काय म्हणून राहिलो?"

मामांनी वहीचं झाकण लावलं. "तुमचं वेगळं, जावईबापू. तुमचं हिंदी."