दोन वस्त्या आणि एक लबाड तक्ता

‘घर पाहावं बांधून’ म्हणणाऱ्यांवर दोन वस्त्यांतली एक निवडायची वेळ आली नसावी. बांधणाऱ्याची निदान जागा तरी ठरलेली असते. इथे एका हाताला जुनी वस्ती: झाडं भरपूर, सावली दाट, गाडी लावायला जागा नाही. दुसऱ्या हाताला नवी: गाडी लावायला जागाच जागा, आणि सावली हवी असेल तर त्या गाडीखाली. दोन्हीकडची घरं ऐपतीच्या वीतभर वर. अशा वेळी शहाणी माणसं तक्ता करतात. मीही तक्त्याच्याच पक्षाचा आहे, फक्त माझा त्याच्यावर काडीचा विश्वास नाही.

युक्ती जुनीच आहे. इंग्लंडमधलं लीड्स शहर सोडून लॉर्ड शेलबर्न या उमरावाकडे नोकरीला जावं की नाही, असा पेच शास्त्रज्ञ जोसेफ प्रिस्टली यांना पडला तेव्हा त्यांनी आपला मित्र, अमेरिकन मुत्सद्दी आणि संशोधक बेंजामिन फ्रँकलिनला विचारलं. फ्रँकलिनने 19 सप्टेंबर 1772 च्या पत्रात काय करावं हे सांगायचं शिताफीने टाळलं आणि कसं ठरवावं तेवढं सांगितलं. कागदाच्या मधोमध रेघ ओढा, एकीकडे फायदे लिहा, दुसरीकडे तोटे. तीन-चार दिवस सुचेल तशी भर घाला, मग दोन्हीकडचे सारख्या वजनाचे मुद्दे खोडत जा आणि शिल्लक कुठे उरते ते बघा. प्रिस्टली 1773 मध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यांना ऑक्सिजन सापडला. आपली एवढी अपेक्षा नाही. खिडकी उघडल्यावर तो आत आला तरी पुरे.

खरी गोम ‘सारख्या वजनाचे’ या शब्दांत आहे. वजनं ठरवणार कोण? आपणच. निकषांमध्ये मिळून 100 गुण वाटायचे, म्हणजे प्रवासाला 30, पाण्याला 20, शांततेला 15 वगैरे. मग प्रत्येक वस्तीला दहापैकी किती ते लिहायचं, गुणाकार करायचा, बेरीज मांडायची. बेरजेत नावडती वस्ती पुढे गेली की एकदम लक्षात येतं, अरे, ‘मोकळी हवा’ला फक्त 5 गुण? हे तर फारच कमी झाले! आवडती जिंकेपर्यंत ही दुरुस्ती चालते आणि तिला ‘सखोल विचार’ म्हणतात.

यावर इलाज एकच. वस्तीत पहिलं पाऊल टाकण्याआधी घरातल्या प्रत्येकाने वजनं वेगळ्या कागदावर, दुसऱ्याला न दाखवता लिहावीत आणि त्यांची सरासरी घ्यावी. तो कागद अशा नातेवाइकाकडे ठेवावा, ज्याला दोन्ही वस्त्या पसंत नाहीत. असा एक तरी असतोच. निकाल लागल्यावर प्रत्येक वजन 5 गुणांनी वरखाली करून पाहावं. तेवढ्याने विजेती बदलत असेल तर तुमच्यासाठी दोन्ही सारख्याच, मग स्वस्त असेल ती घ्यावी. स्वस्त म्हणजेही दर एकाच मापाने काढलेला हवा. एकीकडचा चटई क्षेत्रावर, म्हणजे घराच्या भिंतींच्या आतल्या जागेवर, आणि दुसरीकडचा जिना, लिफ्ट, व्हरांडा धरून काढलेल्या क्षेत्रावर असेल, तर महाग वस्ती स्वस्त दिसते आणि आपण जिना विकत घेऊन खूश होतो. शिवाय 9 टक्के व्याजाने 20 वर्षांसाठी घेतलेल्या 100 चे फिटेपर्यंत साधारण 216 होतात. ‘थोडंसंच जास्त आहे’ यातलं थोडंसं त्या हिशेबाने मोजावं.

तक्त्याहून लबाड असते भेटीची वेळ. एक वस्ती रविवारी सकाळी 11 ला पाहिलेली असते, पोट भरलेलं, रस्ते रिकामे. दुसरी मंगळवारी संध्याकाळी, दमून, पाय दुखत असताना. पहिली जिंकते, त्यात वस्तीचं कर्तृत्व काय? दोन्हीकडे त्याच चार वेळांना जावं: कामाच्या दिवशी सकाळी साडेआठला, संध्याकाळी सातला, रात्री अकराला आणि एकदा धो धो पावसात. पावसात घर दाखवा म्हटलं की मध्यस्थाला नेमकी किल्ली सापडत नाही. हरकत नाही. वस्तीला कुलूप नसतं.

मध्यस्थाच्या ‘पाच मिनिटांवर’ या मापाविषयी जरा सांगायला हवं. जपानमध्ये घरांच्या जाहिरातीत 80 मीटर म्हणजे चालण्याचं एक मिनिट, असा नियमच आहे. सिग्नलला थांबणं आणि चढ त्यात धरत नाहीत, पण निदान माप एक आहे. इतरत्र ‘पाच मिनिटं’ ही कोणाची, कशावरून आणि पहाटे किती वाजताची, हे विचारावं लागतं. 400 मीटरपर्यंत असेल तर ती चालत पाच. त्यापुढे मध्यस्थ मोटारसायकलवर बसलेला असतो.

रोजच्या प्रवासाची नुसती सरासरी बघू नका. दाराला कुलूप लावल्यापासून कामाच्या जागी खुर्चीत बसेपर्यंतचा वेळ पाच दिवस लिहा आणि त्यातला सर्वांत वाईट आकडा तक्त्यात घाला. कधी 30 तर कधी 70 मिनिटं लागणाऱ्या रस्त्यापेक्षा रोज न चुकता 50 लागणारा बरा, कारण पहिल्यासाठीही तुम्ही निघणार 70 मिनिटं आधीच. एका वेळचा अर्ध्या तासाचा फरक म्हणजे दिवसाला एक तास. वर्षाचे 250 कामाचे दिवस धरले तर 250 तास, म्हणजे दहा दिवस आणि दहा रात्री दुसऱ्याच्या काखेखाली उभं राहून.

आता पाणी. ‘इथे पाणी साचतं का?’ या प्रश्नाला जगभर एकच उत्तर आहे: ‘छे!’ प्रश्न बदला. ‘पाणी साचतं तेव्हा गाड्या कुठे लावता?’ असं सहज विचारलं की समोरचा हात लांब करून जागा दाखवतो. विचारायचं मात्र भाडेकरूला किंवा कोपऱ्यावरच्या दुकानदाराला. मालकाला अशा वेळी काही आठवत नाही. तळमजल्याची दारं बघा. उंबऱ्यापुढे नव्याने बांधलेला दोन विटांचा बंधारा, कमरेच्या उंचीवर नेलेले विजेचे बोर्ड, भिंतीवर एकाच पातळीत उमटलेली क्षारांची रेघ, हे सगळं तोंड उघडून सांगत असतं. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ ऐकून निर्धास्त होऊ नये. त्याचा अर्थ दरवर्षी 1 टक्का शक्यता. 30 वर्षं राहिलात तर एकदा तरी भेट होण्याची शक्यता 26 टक्के.

समोरचं मोकळं मैदान पाहून भुलणाऱ्यांविषयी मला फार बोलवत नाही. रिकामा प्लॉट म्हणजे अजून जन्माला न आलेली इमारत. विकास आराखड्यात त्यावर बाग आहे की चौदा मजले, ते पाहून घ्यावं. खिडकीतल्या दृश्याची नोंदणी खरेदीखतात होत नाही.

राहता राहिला आवाज. फोनवरचं डेसिबल मोजणारं अ‍ॅप नेमका आकडा देत नाही, पण दोन्हीकडे तोच फोन वापरला तर फरक बऱ्यापैकी कळतो. 10 डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. युरोपसाठीच्या 2018 च्या मार्गदर्शक तत्त्वांत जागतिक आरोग्य संघटनेने रस्त्याचा रात्रीचा आवाज घराबाहेर सरासरी 45 डेसिबलच्या खाली ठेवावा असं म्हटलं आहे. वाहत्या रस्त्यापासूनचं अंतर दुप्पट केलं तरी जेमतेम 3 डेसिबल घटतात, तेव्हा ‘रस्त्यापासून जरा आत’ याचा उपयोग मधे एखादी इमारत आडवी असेल तरच. मोजताना रात्री अकराला घराखाली दहा मिनिटं फोन वर धरून, न हलता, एक शब्दही न बोलता उभं राहावं लागतं. वरच्या खिडक्यांतून पडदे हलतात. शेवटी कोणीतरी खाली येऊन ‘काय पाहिजे?’ म्हणून दरडावतं. घाबरू नका, आधी घड्याळ बघा. किती मिनिटांत हटकलं तो आकडा दोन्ही वस्त्यांसाठी लिहून ठेवावा, कारण ‘सुरक्षितता’ या रकान्यात भरायला त्याहून भरवशाचं सहसा काही मिळत नाही.