सात देश नको, एक शहर दे

दिवाळी झाल्यावर आम्ही मायलेकी इस्तंबूलला जाऊन आलो. आठ दिवस, एकच शहर. आल्यापासून भेटेल तो एकच विचारतोय, एवढा खर्च करून गेलात तर अजून दोन-चार देश का नाही केले, तेवढ्याच पैशात युरोपची टूर होते, अकरा दिवसात सात देश, जेवण आपलं, गाईड मराठी बोलणारा. मुलीनं पण आधी तेच पॅकेज काढलं होतं, ॲडव्हान्स भरायच्या बेतात होती. मी नको म्हटलं. का नको म्हटलं ते नीट लिहायचं होतं, आज वेळ मिळालाय. पोस्ट मोठी होणारे, सावकाश वाचा.

खरं सांगू का, सोलापूरच्या माणसाला तर हे लगेच कळायला पाहिजे. आपलं गाव लोक वाटेवर बघतात. पंढरपूरला जाताना, तुळजापूरला जाताना, अक्कलकोटला जाताना स्टेशनवर उतरायचं, चहा घ्यायचा, दोन चादरी आणि शेंगाचटणीचं पाकीट पिशवीत टाकायचं आणि जीपमध्ये बसायचं. वेळ उरला तर सिद्धेश्वराचं देऊळ. आणि घरी जाऊन सांगायचं, सोलापूर बघितलं, तसं काय खास नाही, ऊन लई. ज्याला सिद्धेश्वरांनी गावाभोवती स्थापलेली अडुसष्ट लिंगं माहीत नाहीत, ज्यानं गड्ड्याच्या जत्रेच्या वेळी सात नंदीध्वज गावातनं निघालेले बघितले नाहीत, पूर्व भागात रात्री उशिरा गल्लीतनं चालताना दोन्ही बाजूनं मागांचा आवाज ऐकला नाही, त्यानं काय बघितलं? हे मला लहानपणापासून लागत आलंय. म्हणून मी ठरवलं होतं की आयुष्यात पहिल्यांदा परक्या देशातल्या गावात जाईन तेव्हा त्या गावाला असं अर्ध्या दिवसात उरकणार नाही.

आता इस्तंबूलच का. त्याचं कारण टॉवेल.

माझे वडील, अण्णा, गिरणीत जॉबर म्हणजे मुकादम होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी दोन लूम भाड्यानं घेतले आणि टॉवेल काढायला लागले, आता तेच काम दादा बघतो. आपल्याकडं सगळे टर्किश टॉवेल म्हणतात ना, मी शाळेत असताना अण्णांना विचारलं होतं की विणतोय आपण सोलापुरात, मग टर्किश कशाला म्हणायचं. अण्णांनी मला लूमजवळ उभं करून दाखवलं होतं. टॉवेलच्या मागावर ताण्याचे दोन बीम असतात, एक ताठ, एक सैल. बाण्याचे दोन धागे थोडे मागं सोडायचे, तिसऱ्याला फणीनं पूर्ण पुढं ठोकलं की सैल ताण्याचे फासे उभे राहतात, तेच पाणी शोषतात. म्हणाले, हे फाशाचं कापड तुर्कांकडनं आलंय, म्हणून टर्किश. पुढं मी वाचलं, इंग्रज हेन्री क्रिस्टीनं तुर्कस्तानात हे कापड बघितलं, इंग्लंडला नेलं, तिथं ते यंत्रावर विणायची युक्ती निघाली आणि १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात ते मांडलं. तिथनं फिरत फिरत आपल्या पूर्व भागात. आज आपल्या चादरीला आणि टेरी टॉवेलला दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. अण्णा जाऊन नऊ वर्षं झाली, त्यांनी कधी मुंबईच्या पुढं प्रवास केला नाही. मला ते कापड जिथनं आलं तो मुलूख बघायचा होता, बस.

तर सिद्धेश्वर एक्सप्रेसनं मुंबई आणि तिथनं विमान. विमानाचं काय लिहायचं नाही.

पहिल्या दिवशी सगळे जातात तिथंच गेलो, आयासोफिया, तिथली जुनी मोठी मशीद. आणि मला काहीच वाटलं नाही. हे मी प्रामाणिकपणे लिहितेय. प्रवास झालेला, झोप नाही, रांग लांब, परदेशी माणसाला तेव्हा तिकीट २५ युरो म्हणजे आपले दोन-अडीच हजार, खालचा भाग नमाजासाठी ठेवलेला त्यामुळं बाहेरच्यांना फक्त वरच्या गॅलरीत सोडतात, तिथं सगळे मोबाईल वर करून उभे. मी पण चार फोटो काढले आणि बाहेर आले. आता विचार करा, सात देशांच्या टूरमध्ये असते तर माझं इस्तंबूल तिथंच संपलं असतं, आणि मीही घरी येऊन सांगितलं असतं की बघितलं, गर्दी लई.

पाचव्या दिवशी मी परत गेले. पोरगी म्हणाली आई परत तिकीट काढायचं? म्हटलं तू बाहेर बस, मी एकटी जाते. तोपर्यंत डोळे जरा रुळले होते. त्या दिवशी मला दिसलं की वरच्या गॅलरीतले खांब सरळ नाहीत, बाहेरच्या बाजूला कललेत. दीड हजार वर्षं तो घुमट त्यांना बाहेर ढकलतोय. सम्राट जस्टिनियननं हे ५३७ साली पूर्ण केलं, जेमतेम पाच-सहा वर्षांत. वीसेक वर्षांनी भूकंपाच्या धक्क्यांनी घुमट कोसळला, परत बांधला. मग १४५३ ला तुर्कांनी शहर जिंकल्यावर चर्चची मशीद झाली, १९३५ ला म्युझियम झालं, २०२० ला परत मशीद. एवढं सगळं त्याच खांबांवर. आणि कठड्याच्या संगमरवरावर उत्तरेकडनं आलेल्या कुण्या व्हायकिंग शिपायानं आपलं नाव कोरून ठेवलंय, हाल्फदान, आता त्याच्यावर संरक्षक काच आहे. पहारा देता देता कंटाळला असेल. मी त्या कठड्याशी वीस मिनिटं उभी होते, खाली लोक नमाज पढत होते, आणि मला रडू आलं. कशामुळं ते नीट सांगता येणार नाही. अण्णा पाहिजे होते असं वाटलं.

मधल्या दिवसात जे मिळालं ते तर कुठल्याच टूरच्या यादीत नव्हतं. म्हणजे काही होतं, पण असं नव्हतं.

पाणी बघा. आपल्याकडं काही दिवसाआड नळाला पाणी येतं, घरोघरी टाक्या, ड्रम, कळशा. ज्या बाईनं आयुष्यभर पाणी भरलंय तिला येरेबातानमध्ये उतरल्यावर काय वाटतं ते मी सांगते. जमिनीखाली ३३६ खांबांची टाकी, २८ खांबांच्या १२ रांगा, प्रत्येक खांब ९ मीटर उंच, ८ कोटी लिटर तरी पाणी मावायचं. सगळे जण मेदुसाचं, म्हणजे ग्रीक पुराणातल्या राक्षसिणीचं, उलटं कोरीव डोकं बघायला त्या कोपऱ्यात जातात, मी खांबाशी उभी राहून वर छत बघत होते की एवढं मोठं पाणी भरून ठेवायचं कुणाला सुचलं. आणि हे पाणी आलं कुठनं हा प्रश्न पडला म्हणून दुसऱ्या दिवशी जलसेतू शोधत गेलो. सन ३७३ चा आहे. लांबच्या डोंगरातनं शेकडो किलोमीटरचे पाट काढून पाणी आणलेलं, त्यातला एक किलोमीटरभर कमानींचा सेतू अजून भर शहरात उभाय आणि खालनं बसेस जातात. तिथं तिकीट नाही, रांग नाही. आम्ही समोर बसून सिमित खाल्लं, तिळाचं कडक कडं असतं ते, आणि बरोबर नेलेली शेंगाचटणी. फार छान लागते, जाणार असाल तर नक्की न्या.

भाषेचं तर मी रोज वहीत लिहीत होते. दुकानाला दुक्कान, साबणाला साबून, पडद्याला पेर्दे, हवेला हावा, शहराला शेहिर, आठवड्याला हाफ्ता. जिथं रोमन लोकांच्या रथांच्या शर्यती व्हायच्या त्या जागेला आत मेयदानी म्हणतात, म्हणजे घोड्यांचं मैदान. मेयदान म्हणजे आपलं मैदानच की. पाजार म्हणजे बाजार आणि पाजार म्हणजेच रविवार, आणि मोठा झाकलेला बाजार नेमका रविवारीच बंद असतो, आम्ही रविवारीच गेलो आणि परत आलो. एकच दिवस हातात असता तर गेलाच असता.

तो बाजार, कापालीचार्शी, चार हजाराच्या आसपास दुकानं, साठेक गल्ल्या. सगळे त्याला दिवे, गालिचे, सोनं यासाठी ओळखतात. पण त्याचा सगळ्यात जुना गाभा आहे बेदेस्तेन, शहर जिंकल्यावर थोड्याच वर्षांत सुलतान मेहमदनं बांधायला काढलेला, आणि या शब्दाचा अर्थच कापडवाल्यांचा बाजार असा आहे. बेझ म्हणजे कापड. आपल्याकडचं बजाज आडनाव पण त्याच कुळातलं, बज्जाज म्हणजे कापड विकणारा. जगातला एवढा नावाजलेला बाजार कापडाभोवती उभा राहिला हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गल्ल्यांची नावं पण धंद्यांवरनं, रजई करणाऱ्यांची गल्ली, टोप्या करणाऱ्यांची गल्ली.

तिथं एका बोळात टॉवेलचं छोटं दुकान होतं, माझ्याच वयाचे गृहस्थ बसले होते, साठीच्या आतबाहेर. त्यांनी दोन प्रकार पुढं टाकले, एक पेश्तेमाल म्हणजे हमामात गुंडाळायचा सपाट विणीचा, आपल्या पंचासारखाच, आणि दुसरा हावलू, फासेवाला. मी सवयीनं हावलूचं टोक घेतलं, अंगठा आणि दोन बोटात चोळलं, उजेडाकडं धरलं, नखानं एक फासा हळूच ओढून बघितला. ते बघतच राहिले. पोरीनं मोबाईलवर ट्रान्सलेट करून सांगितलं की आईच्या माहेरी टॉवेलचे माग आहेत, हिंदुस्तानात. त्या माणसानं स्टूल पुढं ओढलं, चहा मागवला, आणि आतनं वेगळा ठेवलेला एक टॉवेल काढून माझ्या हातात दिला आणि स्वतः त्याचं दुसरं टोक धरून अगदी तसंच चोळलं, तसंच उजेडाकडं धरलं. अण्णांचीच ती हाताची सवय. आम्हाला एकमेकांची भाषा येत नव्हती. पाऊण तास बसलो. मोबाईलवरनं त्यांनी सांगितलं की टॉवेलचं खरं जुनं गाव बुर्सा, समुद्र ओलांडून पलीकडं. मी दोन टॉवेल घेतले, भाव केला नाही.

पोरगी बाहेर आल्यावर म्हणाली, आई, टूरमध्ये आपल्याला इथं चाळीस मिनिटं दिली असती.

अजून एक सांगते आणि थांबते. सहाव्या दिवशी जुन्या तटबंदीला गेलो. पाचव्या शतकातली, या समुद्रापासून त्या खाडीपर्यंत सहा किलोमीटरच्या वर, दुहेरी भिंत आणि पुढं खंदक. हजार वर्षं कुणाला जमिनीच्या बाजूनं फुटली नाही, १४५३ ला एकवीस वर्षांच्या मेहमदनं प्रचंड तोफा आणून फोडली. तोफ म्हटल्यावर मला विजापूरची मलिक-ए-मैदान आठवली, शाळेच्या सहलीत सगळ्यांनी बघितलीय. १५४९ ला अहमदनगरला ओतलेली ती तोफ, आणि ओतणाऱ्याच्या नावातच रूमी आहे, म्हणजे तुर्कांच्या मुलखातला. आपल्या परांड्याच्या किल्ल्यावर पण ती होती म्हणतात. म्हणजे टॉवेलाच्या कितीतरी आधी तिथली माणसं आणि त्यांची विद्या आपल्या भागात येऊन गेलेली, आणि आपण पंधरा मिनिटात फोटो काढून खाली उतरलो होतो.

येदिकुलेच्या बाजूला त्या खंदकात भाजी लावतात. शेकडो वर्षांची पद्धत आहे. आपल्या भुईकोटासारखाच खंदक, आणि त्यात पालक, मुळा, सॅलडची पानं, वाफे एकदम सरळ. एक आजी खुरपत होत्या. मी वरनं हात केला, त्यांनी मुळ्याची जुडी मातीसकट वर दिली, पैसे काढले तर हात झटकला. हॉटेलच्या खोलीत तो मुळा मीठ लावून खाल्ला, इस्तंबूलमध्ये खाल्लेल्यात मला तोच सगळ्यात आवडला.

तोपकापी महाल बघायचा राहिला. गलाता मनोरा खालनंच बघितला. बोस्फोरसची मोठी क्रूझ केली नाही, एमिनोन्यूहून कादिकॉयची साधी फेरीबोट रोज संध्याकाळी धरायचो, वीसेक मिनिटं, युरोपातनं आशियात, ऑफिस सुटलेली माणसं, काचेच्या छोट्या ग्लासात चहा, मागं सीगल. शेवटी शेवटी चहावाला ओळखायला लागला होता.

ज्यांना सात देश करायचेत त्यांनी जरूर करावेत, पैसे तुमचे, रजा तुमची. पण ज्यांची पहिलीच वेळ आहे, वय माझ्यासारखं आहे आणि परत जाणं होईल की नाही सांगता येत नाही, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की एक जुनं शहर निवडा आणि तिथंच मुक्काम करा. तुमच्या घरातलं, धंद्यातलं काहीतरी तिथं सापडतंच, फक्त ते तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर सापडतं. व्हिसाचं, राहण्याचं, शाकाहारी जेवणाचं कुणाला विचारायचं असेल तर खाली विचारा, मसूर डाळीचं सूप सगळीकडं मिळतं, उपाशी राहणार नाही.

आणलेला एक टॉवेल दादाला दिला. त्यानं भिंग लावून धागे मोजले, कडेची शिलाई उसवून बघितली, वहिनी ओरडली तरी. मग दोन दिवस काही बोलला नाही. परवा फोन आला, पासपोर्टला कुठले कागद लागतात विचारत होता. त्याला बुर्सा बघायचंय.