टीसीईची हवा तपासा, पण सापडू काही देऊ नका

साहेब, हवेच्या सॅम्पलिंगचं पत्र आलं म्हणून एवढं टेन्शन घेऊ नका. तुमच्याकडे डिग्रीझिंगची, म्हणजे जॉबवरचं तेल-ग्रीस काढायची टाकी आहे, त्यात ट्रायक्लोरोइथिलीन म्हणजे आपलं टीसीई उकळतंय, पोरं वर्षानुवर्षं तिथे वाकून जॉब धुतायत, आणि अजून कोणी जागच्या जागी आडवं झालेलं नाही, मग प्रॉब्लेम कसला? आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने, 2012 साली याला माणसाला कॅन्सर करणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलं, मुख्य म्हणजे किडनीचा, पण किडन्या दोन असतात. युरोपात 2016 पासून खास परवानगीशिवाय वापरता येत नाही, अमेरिकेने 2024 च्या डिसेंबरात बंदीचा नियम जारी केला. नाजूक लोक आहेत ते.

आता मुद्द्याचं. लॅबवाला येतो, कामगाराच्या कमरेला छोटा पंप बांधतो आणि कॉलरला कोळशाची नळी लावतो, म्हणजे नाकाशी जी हवा येते तीच नळीत जाते. सगळा घोळ इथेच आहे. त्याला आधी केबिनमध्ये बसवा, चहा-पोहे द्या, आणि प्रेमाने सांगा की आमची पोरं गडबडी आहेत, पंप तोडतील, तुम्ही आपलं स्टँडवर लावा. स्टँड गेटजवळ, एक्झॉस्टच्या पलीकडे आणि जरा उंच, कारण टीसीईची वाफ हवेपेक्षा साडेचार पट जड, ती खाली बसते. खाली वाकून टोपली काढणाऱ्याचं नाकही तिथेच असतं, पण नाकाचा रिपोर्ट कोण मागतंय?

पंप माणसालाच बांधायचा हट्ट धरला तर स्टोअरच्या क्लार्कला बांधा. ठेकेदाराच्या पोराला चुकूनही नको. तो बुशची टोपली वर घेतो तेव्हा प्रत्येक बुशच्या भोकात चमचाभर पातळ टीसीई अडकलेलं असतं, खरं म्हणजे टोपली टाकीच्या वरच्या थंड कॉइलपाशी ठिबकणं थांबेपर्यंत धरायची, पण डिस्पॅचची गाडी उभी असते, मग तो तशीच ओली टोपली ट्रॉलीवर उपडी करतो, फरशी चमकते आणि दोन मिनिटांत कोरडी. कोरडी म्हणजे सगळं हवेत. असली दृश्यं लॅबवाल्याला दाखवायची नसतात.

वेळ सकाळचीच द्या. टीसीई 87 डिग्रीला उकळतं, हीटर तापायच्या आत तासभर पंप फिरवायचा आणि आठ तासांची सरासरी म्हणून छापून घ्यायचं. आणि तुलना कशाशी? एसीजीआयएच, म्हणजे कामाच्या जागेच्या मर्यादा सुचवणारी अमेरिकन संस्था, 10 पीपीएम म्हणते (हवेच्या दहा लाख भागांत दहा भाग), आपल्या 2025 पर्यंतच्या फॅक्टरी ॲक्टच्या दुसऱ्या शेड्यूलमध्ये 50 होते. अर्थात 50! 38 आले तरी हिरव्या अक्षरात 'विदिन लिमिट', फ्रेम करून रिसेप्शनला लावा, झाकली मूठ सव्वा लाखाची.

लघवीची तपासणी मागितली तर तीही करू. शरीरात टीसीईचं ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड होतं, ते हळूहळू निघतं, आठवडाभर साठत जातं, म्हणून नमुना आठवड्याच्या शेवटच्या शिफ्टनंतर घ्यायचा असतो. आपण सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यायचा, म्हणजे भोसरीत गुरुवारी सुट्टी असेल तर शुक्रवारी, पोरगं कामाला लागायच्या आत. संध्याकाळी बिअर घेतली की एखाद्याचं तोंड आणि मान लालभडक होते, ते टीसीई आणि दारूचं जुनंच नातं आहे, डिग्रीझर्स फ्लश म्हणतात त्याला, पण आपण म्हणायचं दारू वाईट. व्यसनमुक्तीचं एक पोस्टर लावून टाका, सीएसआरमध्ये धरता येईल.

डोकं जड होतंय, चक्कर येते म्हणाला तर गुळाचा खडा द्या. गूळ टीसीईवर काय करतो ते विचारायचं नसतं, वर्षानुवर्षं देतात म्हणजे काहीतरी असेलच. तोंडाला कापडी मास्क, वाफ आरपार जाते पण फोटोत छान दिसतो. वास येत नाही म्हणाला तर उत्तमच, नाक सरावलं. आणि टाकीशेजारी वेल्डिंग चालू असेल तर फोटोच्या दिवशी तेवढं बंद ठेवा, ती वाफ ठिणगीत गेली की फॉस्जीन होऊ शकतं, पहिल्या महायुद्धात वापरलेला वायू, ऑडिटवाल्यांना असलं काहीतरी नेमकं पाठ असतं.

एकच जागा सांभाळा, स्टोअरचं रजिस्टर. बाकी सगळं मॅनेज होतं, हे होत नाही. एक लिटर टीसीई म्हणजे जवळपास दीड किलो, ते सगळं उडालं तर साधारण 5,400 घनमीटर हवा 50 पीपीएमवर जाते, आणि तुमची 30 मीटर बाय 20 ची, 6 मीटर उंच शेड आहे 3,600 घनमीटरची. आता महिन्याला दोन ड्रम आत आले, गाळ म्हणून अर्धा ड्रम बाहेर गेला, तर उरलेला दीड ड्रम गेला कुठे, असं एखाद्या टीचभर पोरीने पेन काढून विचारलं की तुमच्या हिरव्या रिपोर्टची पंचाईत. तेव्हा त्या दिवशी रजिस्टर सीएकडे गेलंय म्हणायचं. सीएला मात्र आधी फोन करून ठेवा.